चाकांवरचे घर : मुक्कामाचे सुख आणि देखभालीची शिस्त

घरात नळ उघडला की पाणी येते, कळ दाबली की दिवा लागतो आणि सांडपाणी कोठे जाते याचा विचार सहसा कोणी करत नाही. नगरपालिका, वीज कंपनी आणि गॅस वितरक यांच्या यंत्रणा पडद्याआड काम करत असतात. या सर्व सोयी एका वाहनात बसवून प्रवासाला निघायचे ठरवले, की त्या यंत्रणांची जबाबदारी प्रवाशावर येते. पाणी किती उरले, बॅटरी किती चालेल, मैल्याची टाकी कधी भरेल, गॅस गळत तर नाही ना, हे प्रश्न त्यालाच दररोज सोडवावे लागतात.

अशा वाहनाला अमेरिकेत ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ किंवा थोडक्यात ‘आरव्ही’ म्हणतात. भारतात ‘कॅराव्हॅन’ हा शब्द अधिक रूढ आहे. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणे जाहीर केली. त्यामुळे भाड्याने मिळणाऱ्या कॅराव्हॅन आणि स्वतःच्या वाहनात घर थाटण्याची हौस, या दोहोंविषयी कुतूहल वाढले आहे. मात्र वाहन विकत किंवा भाड्याने घेणे सोपे; ते सुस्थितीत ठेवून त्यात सुरक्षित मुक्काम करणे ही वेगळी विद्या आहे. या विद्येचा सर्वांत मोठा संचय अमेरिकेत आहे. तेथील सुमारे शतकभराच्या अनुभवातून काही व्यवहार्य नियम तयार झाले आहेत. त्यांतील बरेचसे नियम कोणत्याही देशात लागू पडतात.

निवड : कोणते ओझे पत्करायचे?

आरव्हीचे ढोबळमानाने दोन वर्ग आहेत. इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असेल तर ते ‘मोटरहोम’. दुसऱ्या वाहनाने ओढत न्यायचे बिनइंजिनाचे घर म्हणजे ‘ट्रेलर’. मोटरहोममध्ये बसगाडीएवढा ‘क्लास ए’, व्हॅनच्या आकाराचा ‘क्लास बी’ आणि ट्रकच्या केबिनवर पुढे आलेला पलंग असणारा ‘क्लास सी’ असे प्रकार आहेत. ट्रेलरमध्ये गाडीच्या मागील हुकाला जोडायचा ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ आणि पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडणी असलेला ‘फिफ्थ व्हील’ हे प्रमुख होत. वॉली बायम यांनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या ‘एअरस्ट्रीम’ कंपनीचे चकचकीत ॲल्युमिनियमचे ट्रेलर जगभर ओळखले जातात. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे शहर तर या उद्योगाची राजधानी मानले जाते.

यांपैकी उत्तम कोणते, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. मोटरहोममध्ये पाऊस पडत असतानाही बाहेर न उतरता चालकाच्या आसनावरून स्वयंपाकघरात जाता येते. परंतु इंजिन बिघडले की घरही गॅरेजमध्ये जाते. ट्रेलर मुक्कामी सोडून मोकळ्या गाडीने बाजारहाट करता येतो. मात्र तो ओढणे, मागे घेणे आणि जोडणे यांचा सराव लागतो. मोठ्या वाहनात ऐसपैस जागा असते, तर लहान वाहनाला अधिक ठिकाणी प्रवेश मिळतो. अमेरिकेतील अनेक राष्ट्रीय उद्यानांमधील तळ १९३० च्या दशकात, आजच्याएवढी लांब वाहने नसताना आखले गेले. तेथे वाहनाच्या लांबीवर मर्यादा असते. त्यामुळे अनुभवी प्रवासी आधी मुक्कामाची ठिकाणे ठरवतात आणि मग वाहनाची लांबी.

म्हणजेच आवडनिवड वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात कामाची वाटणी असते. प्रत्येक सोयीमागे एक देखभाल येते. बाहेर सरकणारी भिंत, म्हणजे ‘स्लाइड-आउट’, खोली रुंद करते. पण तिचे रबरी पट्टे, मोटर आणि रूळ यांची निगा राखावी लागते. ज्याला हत्यारपेटी उघडण्याचा कंटाळा आहे, त्याने कमी यंत्रे असलेले घर निवडणे शहाणपणाचे ठरते.

वजन, टायर आणि उंची

आरव्हीच्या सुरक्षिततेचा पाया म्हणजे वजन. प्रत्येक वाहनावर निर्मात्याने कमाल अनुज्ञेय एकूण वजनाचा आकडा लिहिलेला असतो. त्यातून रिकाम्या वाहनाचे वजन वजा केल्यावर उरते ती सामान, पाणी आणि माणसे यांसाठीची मुभा. ही मुभा अनेकदा अपेक्षेपेक्षा कमी निघते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. १५० लिटरची टाकी भरली की दीड क्विंटल भार वाढला. म्हणून मुक्कामी पाणी मिळणार असेल तर टाकी अर्धवट भरून निघण्याची पद्धत आहे. अंदाजावर न विसंबता सामान भरलेले वाहन प्रवासाआधी एकदा वजनकाट्यावर नेणे हा सर्वांत स्वस्त विमा होय.

ट्रेलरमध्ये वजनाची विभागणीही तितकीच महत्त्वाची असते. ट्रॅव्हल ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढील जोडणीवर पडायला हवा. जड सामान मागच्या टोकाला ठेवले तर हा भार घटतो आणि वेग वाढताच ट्रेलर डावीउजवीकडे हेलकावे घेऊ लागतो. हा हेलकावा वाढत गेला तर ओढणारी गाडीही उलटू शकते. त्यामुळे जड वस्तू चाकांच्या आसाजवळ आणि तळाशी, हलक्या वस्तू वरच्या कपाटांत, हा नियम पाळला जातो.

टायरच्या बाबतीत एक गैरसमज व्यापक आहे. नक्षी शाबूत दिसते म्हणजे टायर चांगला, असे मानले जाते. आरव्ही वर्षातील बराच काळ उभी असते. त्यामुळे तिचे टायर झिजण्याआधी वयाने निकामी होतात. ऊन आणि ओझोन यांमुळे रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडतात. टायरच्या बाजूला कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक त्याची निर्मिती सांगतात : पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ‘२३२१’ असे अंक असतील तर तो टायर २०२१ च्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि गरजेनुसार बदल, अशी शिफारस सर्वसाधारणपणे केली जाते. हवेचा दाब सकाळी, प्रवासाआधी, टायर थंड असताना मोजावा. चाक बदलल्यानंतर पहिल्या शे-दीडशे किलोमीटरच्या आत नट पुन्हा ठरावीक ताकदीने आवळावेत. ते सैल पडण्याची शक्यता याच टप्प्यात अधिक असते.

उंचीचा विसर पडल्यास काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातील डरहॅम शहरात आहे. तेथील रेल्वे पुलाखालची उंची ११ फूट ८ इंच होती. सूचनाफलक आणि इशारादर्शक दिवे असूनही ट्रक आणि आरव्हींची छपरे त्यावर आदळून सोलली जात. अखेर २०१९ मध्ये हा पूल ८ इंचांनी उचलण्यात आला. त्यानंतरही धडका पूर्णपणे थांबल्या नाहीत. छपरावरील वातानुकूलन यंत्र धरून वाहनाची खरी उंची मोजावी आणि तो आकडा चालकाच्या नजरेसमोर चिकटवून ठेवावा, हा धडा त्यातून घेतला जातो.

पाण्याच्या तीन टाक्या

बहुतेक आरव्हींमध्ये तीन टाक्या असतात. पहिली स्वच्छ पाण्याची. दुसरी स्नान आणि भांडी धुण्याच्या सांडपाण्याची, जिला ‘ग्रे’ म्हणतात. तिसरी शौचालयाची ‘ब्लॅक’ टाकी. नवख्यांच्या तक्रारी तिसऱ्या टाकीविषयी सर्वाधिक असतात आणि त्यांचे कारण बहुधा एकच असते : पाण्याची कमतरता.

मुक्कामाच्या जागी सांडपाण्याची जोडणी मिळाली की अनेक जण मैल्याच्या टाकीची झडप सतत उघडी ठेवतात. त्यामुळे द्रव वाहून जातो आणि घन भाग तळाशी साचून दगडासारखा घट्ट होतो. योग्य पद्धत अशी की, झडप बंद ठेवावी, टाकी रिकामी केल्यानंतर तिच्यात थोडे पाणी आधीच सोडून ठेवावे, प्रत्येक वापरानंतर भरपूर पाणी ओतावे आणि टाकी निदान दोन-तृतीयांश भरल्यावरच ती रिकामी करावी. रिकामी करताना मैल्याची टाकी आधी आणि सांडपाण्याची नंतर, हा क्रम पाळला की साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. या कामासाठी हातमोजे आणि स्वतंत्र नळी आवश्यक असते. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळ्या रंगाची ठेवून ती वेगळ्या कप्प्यात बाळगणे हा आरोग्याचा साधा नियम आहे.

तळावरील नळाला थेट जोडणी करताना दाब नियंत्रक बसवावा. काही ठिकाणी पाण्याचा दाब इतका असतो की आतील प्लास्टिकचे सांधे सुटतात आणि भिंतीच्या आत गळती सुरू होते. ती दिसून येईपर्यंत लाकूड कुजलेले असते. दीर्घकाळ उभ्या असलेल्या वाहनाची स्वच्छ पाण्याची टाकी निर्जंतुक करण्यासाठी दर लिटर पाण्यामागे सुमारे एक मिलिलिटर बिनसुगंधी घरगुती ब्लीच घालून ते सर्व नळांतून खेळवले जाते. मग काही तास तसेच ठेवून वास जाईपर्यंत टाकी आणि नळ स्वच्छ पाण्याने धुतले जातात.

विजेचा हिशेब

अमेरिकेतील तळांवर प्रामुख्याने ३० आणि ५० अँपिअरच्या जोडण्या असतात. १२० व्होल्टच्या ३० अँपिअर जोडणीतून कमाल ३,६०० वॅट मिळतात. ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र वाहिन्या असल्याने हा आकडा १२,००० वॅटपर्यंत जातो. छपरावरील एक वातानुकूलन यंत्र दीड हजार वॅटच्या आसपास वीज घेते. त्याच वेळी मायक्रोवेव्ह आणि पाणी तापवण्याचे यंत्र सुरू केले की ३० अँपिअरचा खटका पडतो. म्हणून आरव्हीत राहणारी माणसे कोणते उपकरण कोणत्या उपकरणाबरोबर चालवायचे नाही, याची सवय लावून घेतात. जोडणीच्या खांबावर प्लग लावण्याआधी तारांची उलटसुलट जोडणी, अर्थिंगचा अभाव आणि व्होल्टेजमधील चढउतार ओळखणारे संरक्षक यंत्र बसवणे हितावह ठरते.

जोडणी नसलेल्या जागी सारी मदार बॅटरीवर असते. पारंपरिक शिसे-आम्ल बॅटरी निम्म्यापेक्षा अधिक वापरली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असताना विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, १२.१ च्या जवळ आली की ती निम्मी संपली असे समजावे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी असते आणि तिची बहुतांश क्षमता वापरता येते. मात्र शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज करणे तिला घातक ठरते. छपरावरील १०० वॅटचे सौर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ३०० ते ४०० वॅट-तास देते. एवढी वीज दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि फोन यांना पुरते; वातानुकूलन यंत्र मात्र त्यावर तासभरही चालणार नाही. सौर पॅनेल बसवले म्हणजे विजेची चिंता मिटली, हा समज या साध्या गणिताने दूर होतो.

गॅस : येथे चूक क्षम्य नसते

आरव्हीत शेगडी, पाणी तापवण्याचे यंत्र, हीटर आणि अनेकदा शीतकपाटही प्रोपेन गॅसवर चालते. एवढ्याशा बंदिस्त जागेत गळती किंवा कार्बन मोनॉक्साइड यांचा धोका घराच्या तुलनेत कितीतरी अधिक असतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोकेदुखी, मळमळ आणि ग्लानी ही त्याची लक्षणे प्रवासाच्या शिणवट्यासारखी भासतात आणि झोपेतच माणूस दगावू शकतो. स्वतःचा जनरेटर, बंद खिडक्यांत पेटवलेली शेगडी किंवा शेजारच्या वाहनाचा धूर यांपैकी कशातूनही हा वायू आत येऊ शकतो.

त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड, गॅस आणि धूर यांची सूचना देणारी तीनही यंत्रे अनिवार्य समजली जातात. ही यंत्रे कायमची नसतात. त्यांच्यातील संवेदकाचे आयुष्य काही वर्षांचेच असते आणि मागील बाजूस ती बदलण्याची तारीख छापलेली असते. दिवा लागतो, आवाज येतो, म्हणून मुदत संपलेले यंत्र तसेच ठेवणे म्हणजे खोट्या भरवशावर झोपणे होय. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळल्यावर तो जमिनीलगत साचतो. म्हणून गॅससूचक यंत्र खाली, पायाजवळ बसवलेले असते. सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का हे पाहणे ही जुनी तपासणी आजही उपयोगी आहे. थंडी घालवण्यासाठी स्वयंपाकाची शेगडी पेटती ठेवणे कटाक्षाने टाळावे.

गॅसवर चालणाऱ्या शीतकपाटाची आणखी एक गरज असते. त्यातील अमोनियाचे अभिसरण गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असल्याने वाहन तिरके उभे राहिले तर शीतकपाट थंडावा देत नाही आणि दीर्घकाळ तसेच चालवल्यास कायमचे बिघडते. मुक्कामी पोहोचताच पाणसळ लावून वाहन समतल करण्यामागे पलंग सपाट राहण्यापलीकडे हेही कारण आहे.

छप्पर : दुर्लक्षाची सर्वांत महाग जागा

इंजिनाची काळजी सर्वांना असते. छपराकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. प्रत्यक्षात आरव्हीचा सर्वांत मोठा शत्रू पाणी आहे. छपरावर झरोके, सौर पॅनेलचे स्क्रू, नळ्यांची तोंडे आणि कडांचे सांधे अशी अनेक छिद्रे असतात. ती सीलंटने बुजवलेली असतात. प्रवासातील सततचे हादरे आणि ऊन यांमुळे सीलंटला तडे जातात. पाणी थेंबाथेंबाने आत शिरते, लाकडी सांगाडा कुजवते आणि भिंतीचे थर सुटून फुगतात. आत डाग दिसू लागेपर्यंत दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढलेला असतो.

वर्षातून किमान दोनदा छपरावर जाऊन प्रत्येक सांधा पाहणे आणि तडा दिसताच छपराच्या साहित्याला चालणारे सीलंट भरणे, हा यावरील उपाय आहे. रबरी छपरावर पेट्रोलजन्य पदार्थ असलेले सफाईचे द्रव वापरू नयेत. ते रबर फुगवतात. खिडक्यांच्या कडा, दिव्यांची खोबणी आणि कोपरे यांच्याजवळील भिंत बोटाने दाबून पाहावी. मऊ लागली तर आत ओल आहे.

थंड प्रदेशात हिवाळ्याआधी आणखी एक काम असते. नळ्यांतील पाणी गोठले की ते प्रसरण पावते आणि नळ्या फुटतात. म्हणून टाक्या आणि पाणी तापवण्याचे यंत्र रिकामे करून नळ्यांमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉलयुक्त गुलाबी गोठणरोधक द्रव भरला जातो. इंजिनाच्या रेडिएटरमध्ये वापरला जाणारा इथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने तो पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत कदापि घालू नये.

मुक्काम : जोडणीसह की जोडणीविना?

पसंतीचा सर्वांत मोठा वाद मुक्कामाच्या जागेवरून होतो. काहींना पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या असलेले तळ आवडतात. काहींना माणसांपासून दूर, कोणतीही जोडणी नसलेली जागा हवी असते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या जमीन व्यवस्थापन विभागाच्या बऱ्याच क्षेत्रांवर अशा विखुरलेल्या मुक्कामाला परवानगी आहे. साधारणपणे २८ दिवसांच्या कालावधीत एका ठिकाणी १४ दिवसांपर्यंत राहता येते. ॲरिझोनातील क्वार्टझाइट या वाळवंटी गावाजवळ याच विभागाने दीर्घ मुक्कामाचे क्षेत्र राखून ठेवले आहे. तेथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना घेऊन राहता येते आणि हिवाळ्यात हजारो आरव्ही जमतात.

ही सारी माणसे सहलीला आलेली नसतात. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर घराचा खर्च न परवडल्याने व्हॅन आणि ट्रेलरमध्ये राहू लागलेल्या वृद्ध अमेरिकनांचे चित्रण जेसिका ब्रुडर यांच्या ‘नोमॅडलँड’ या २०१७ च्या पुस्तकात आहे. त्यावर आधारित चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. हौशी प्रवाशासाठी छपराची गळती म्हणजे सहल वाया जाणे. ज्याचे ते एकमेव घर आहे त्याच्यासाठी ती निवारा गमावण्याची सुरुवात असते. देखभालीचे ज्ञान या मंडळींमध्ये एकमेकांना शिकवले जाते, त्यामागे ही निकड आहे.

मुक्कामाचा क्रमही ठरलेला असतो. ट्रेलर आधी डावीउजवीकडून समतल करायचा, मग चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावायचे आणि त्यानंतरच तो गाडीपासून सोडायचा. अडसर लावण्याआधी जोडणी सोडली तर उतारावर ट्रेलर घरंगळतो. निघताना बाहेरचे छत मिटले का, पायरी आत घेतली का, गॅस बंद केला का, कपाटांना खिटी लावली का, जोडणीची साखळी आणि दिव्यांची तार लावली का, हे लिहिलेल्या यादीवरून तपासले जाते. वैमानिक प्रत्येक उड्डाणाआधी यादी वाचतात, तशीच ही पद्धत. स्मरणशक्तीवर विसंबणे येथे अनुभवी माणसालाही महागात पडते. यादी वाचली जात असताना कोणी गप्पा मारायला आले, तर काम संपल्यावर ती पुन्हा पहिल्यापासून वाचावी, असा सल्ला दिला जातो.

निसर्गाविषयीची शिस्तही त्यातच येते. जळाऊ लाकूड दुरून न आणता मुक्कामाजवळच घ्यावे, असे अमेरिकेत आवर्जून सांगितले जाते. त्यामागचे कारण असे की, लाकडातून आलेल्या परक्या किडींनी तेथील ॲश वृक्षांचा मोठ्या प्रमाणावर नाश केला आहे. अस्वलांचा वावर असलेल्या भागात अन्न उघड्यावर ठेवण्यास मनाई असते. रात्री ठरावीक वेळेनंतर जनरेटर चालवू नये, हा नियम बहुतेक तळांवर असतो.

भारतासाठी काय घेण्याजोगे?

भारतात फिरत्या घराची कल्पना चित्रपटसृष्टीतील व्हॅनिटी व्हॅनमुळे परिचित आहे. परंतु व्हॅनिटी व्हॅन चित्रीकरणस्थळी उभी राहते आणि तिच्याबरोबर कर्मचारी असतात. कुटुंबाने स्वतः चालवायच्या कॅराव्हॅनची गरज वेगळी आहे. देशात मोटार कॅराव्हॅनसाठी ‘एआयएस-१२४’ हे वाहन उद्योग मानक अस्तित्वात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात मनाप्रमाणे मूलभूत बदल करता येत नाहीत. त्यामुळे जुन्या व्हॅनमध्ये पलंग, शेगडी आणि टाक्या बसवण्याआधी परिवहन कार्यालयाचे नियम जाणून घेणे आवश्यक ठरते. अन्यथा अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

विजेच्या बाबतीत एक तुलना उद्‌बोधक आहे. भारतातील २३० व्होल्टच्या १६ अँपिअर सॉकेटमधून सुमारे ३,६८० वॅट मिळू शकतात, म्हणजे अमेरिकेतील ३० अँपिअर जोडणीइतकेच. कागदावर हे पुरेसे आहे. पण एखाद्या शेतघरातील किंवा ढाब्यावरील सॉकेटमागची तार तेवढी जाड आहे का, अर्थिंग आहे का, हे तपासल्याशिवाय वातानुकूलन यंत्र सुरू करणे धोक्याचे ठरते. पातळ आणि गुंडाळून ठेवलेली एक्स्टेंशन वायर तापून आग लागण्याचा संभवही असतो.

हवामानाचा प्रश्न तर अगदी वेगळा आहे. नळ्या गोठण्याची भीती लडाख किंवा स्पीतीसारख्या भागांपुरती. कोकण, गोवा आणि केरळ येथे खरी परीक्षा पावसाळ्याची असते. चार महिने बंद ठेवलेल्या कॅराव्हॅनमध्ये गाद्या आणि प्लायवूडला बुरशी धरते. म्हणून छपराची तपासणी मे महिन्यातच उरकणे, गाद्या उभ्या करून ठेवणे, कपाटे उघडी ठेवणे आणि उघडीप मिळताच वाहनाला वारा देणे गरजेचे आहे. छपरावर थेट घट्ट ताडपत्री बांधली तर आतली ओल कोंडते. ताडपत्री आणि छप्पर यांत हवा खेळायला जागा हवी. घाटातील वळणे, रस्त्यावर झुकलेल्या फांद्या, गावातील लोंबत्या विजेच्या तारा यांमुळे भारतात लहान आणि बुटके वाहन अधिक उपयुक्त ठरते.

सर्वांत अवघड प्रश्न मैल्याच्या टाकीचा आहे. अमेरिकेत तळांवर आणि महामार्गांवरील अनेक थांब्यांवर टाकी रिकामी करण्याची केंद्रे सहज सापडतात. भारतात अशी सोय मुख्यत्वे कॅराव्हॅन पार्कमध्येच अपेक्षित आहे आणि त्यांची संख्या अद्याप मर्यादित आहे. ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकी सोडणे हा सार्वजनिक आरोग्याशी खेळ ठरेल. प्रवासाचा मार्ग त्यामुळे टाकी कोठे रिकामी करता येईल, हे पाहूनच आखावा लागतो. सुटी करून नेता येणारी लहान शौचालयपेटी असलेले वाहन निवडले, तर ती परवानगी घेऊन सेप्टिक टाकीला जोडलेल्या शौचालयात रिकामी करता येते. मात्र त्यासाठी टाकीतील जिवाणू मारणारी रसायने पेटीत वापरू नयेत.

कॅराव्हॅन भाड्याने घेणाऱ्यांनी ताबा घेतानाच टायरवरील चार अंक, गॅससूचक आणि कार्बन मोनॉक्साइड सूचक यंत्रांवरील तारीख, अग्निशामक नळकांड्याचा दाब आणि आपत्कालीन खिडकी उघडते का, एवढे तरी स्वतः पाहावे. या तपासणीला दहा मिनिटे पुरतात. आतील गाद्या, पडदे आणि पडद्यामागचा टीव्ही यांविषयीची माहिती भाड्याने देणारा आपणहून सांगतोच. ही चार उत्तरे मात्र विचारून घ्यावी लागतात. ती समाधानकारक नसतील, तर त्या वाहनात कुटुंबाने रात्र न काढलेली बरी.